पत्रावळीखालची प्लेट

खाली पांढरी चिनीमातीची प्लेट, तिच्यावर पळसाची पत्रावळ, पत्रावळीवर वरण-भात, आणि हा सगळा डोलारा डाव्या हातात पेलत उजव्या हातानं कुणाला तरी नमस्कार करू पाहणारा पाहुणा. ताडोब्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवरच्या रिसॉर्टांत अलीकडे जी ‘साधी, घरगुती, हातानं घडवलेली’ लग्नं लागतात, ती ओळखायला पत्रिका वाचावी लागत नाही. पत्रावळीखाली प्लेट दिसली की समजायचं, कमी खर्चाचं लग्न आहे.

वधूवर ठरलेले. नोकरी पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आईबाप नागपूरला, आणि मूळ गाव मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा यांपैकी एक, जिथं आता यांचा फक्त सातबारा राहतो. लग्न मातीशी नातं सांगणारं हवं, प्लास्टिकमुक्त हवं, मोजक्या माणसांत हवं आणि खिशाला झेपणारं हवं. प्रत्येक वस्तू हातानं केलेली हवी. कुणाच्या हातानं, हा प्रश्न बैठकीत निघत नाही, कारण बैठक व्हॉट्सअ‍ॅपवर असते आणि तिथं हाताला अंगठा दाखवण्यापलीकडे काम नसतं.

पत्रिका हातकागदाची असते आणि त्या कागदात तुळशीचं बी असतं. लग्न झालं की पत्रिका कुंडीत पेरा, अशी खाली बारीक अक्षरात सूचना. लग्न मे महिन्यातलं, गाव चंद्रपूर, पारा 46 च्या आसपास. या हवेत बी पेरलं तर त्याची तुळस होईल की फुटाणा, हे त्या पत्रिकेनंच सांगावं. असो. मुद्दा प्लेटचा आहे.

पळसाची पत्रावळ ही बसून जेवायची वस्तू आहे. पाच-सात पानं एकमेकांवर चढवून बारीक काड्यांनी टाचलेली. तिला काठ नसतो आणि बूडही नसतं. सारवलेली जमीन हेच तिचं बूड. जमिनीवर मांडली की ती वाढप्याच्या वेगाला, जेवणाऱ्याच्या भुकेला आणि आग्रहाच्या तिसऱ्या जिलेबीला पुरून उरते. वाढपी भात टाकतो, जेवणारा बोटांनी आळं करतो, वरण आळ्यात थांबतं, आलू-वांग्याची भाजी आपल्या कोपऱ्यात राहते आणि मठ्ठ्याला द्रोण असतो. द्रोण कलंडू नये म्हणून त्याला भाताचा टेकू द्यायचा, हे पाच वर्षांच्या पोरालाही कळतं. यात कुठेही उभं राहण्याची सोय नाही. आता हीच पत्रावळ उचलून हातात घ्या. पहिल्या पळीला ती मधोमध खचते, दुसऱ्या पळीला वरण मनगटावर येतं आणि तिसऱ्या पळीला घड्याळात शिरतं.

तेव्हा नियोजनकर्तीनं, म्हणजे जिला हल्ली प्लॅनर म्हणतात तिनं, त्यावर शास्त्रीय उपाय काढला आणि खाली प्लेट दिली. थर्माकोलची नाही, थर्माकोलच्या ताटांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे आणि अशा लग्नांत बंदी पाळतात. कागदाचीही नाही, कारण कागद फोटोत स्वस्त दिसतो. चिनीमातीची, भाड्यानं आणलेली, जेवणानंतर साबणानं धुऊन, पेंढ्यात बांधून परत पाठवायची. म्हणजे भांडी घासणं वाचावं म्हणून जी वस्तू माणसानं शोधली, ती वापरून शिवाय भांडीही घासायची. पत्रावळ मग फोटोपुरती उरते, नवरीच्या डोक्यावरच्या मुंडावळ्यांसारखी. मुंडावळ्यांना निदान शास्त्राचा आधार आहे.

अशाच एका लग्नात मूलहून आलेल्या एका वयस्क मामांनी ताट हातात घेतलं, वरून पाहिलं, उचलून खालून पाहिलं आणि वाढणाऱ्या पोराला विचारलं, “पत्रावरीखाली पलेट कायले ठेवली बापा?” पोरानं प्लॅनरबाईंकडे बोट केलं. बाई म्हणाल्या, “काका, तो बेस आहे.” मामांनी मान डोलावली, पत्रावळ अलगद काढून बाजूच्या गवतावर ठेवली आणि प्लेटमध्ये जेवले. त्या संध्याकाळी तिथं एवढा एकच समंजस व्यवहार झाला.

बाकी संध्याकाळ पिवळ्या बल्बांच्या माळांखाली गेली. मांडव बांबूचा होता. बांबूला पॉलिश होतं. मांडवामागं तागाच्या कापडात गुंडाळलेले डेझर्ट कूलर घरघरत होते, कारण मातीशी नातं सांगायचं असलं तरी चंद्रपूरची माती मे महिन्यात कुणाशी नातं ठेवत नाही. रुखवत ठेवलं होतं, तेही हस्तकलेचंच. पूर्वी नवरीच्या बहिणी, मैत्रिणी आणि काकवा महिना-दोन महिने दुपारी बसून मण्यांचं तोरण आणि आइसक्रीमच्या काड्यांचं घर करायच्या. त्या घरात छोटा दिवा लागला की मांडवात टाळ्या पडायच्या. आता तयार रुखवत भाड्यानं मिळतं, त्यातला दिवाही लागतो आणि दुसऱ्या दिवशी तो पुढच्या नवरीकडे रवाना होतो.

बांबूचं मात्र थोडं सांगायला हवं, कारण चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत बांबू म्हणजे नुसती सजावट नव्हे. 1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता. वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून सुटायला 2017 ची दुरुस्ती यावी लागली. त्याआधी 2006 च्या वनहक्क कायद्यानं त्याला गौण वनोपज म्हटलं. त्याच जोरावर गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीची परवाना पुस्तिका थेट ग्रामसभेच्या हातात आली. आपल्या जंगलातला बांबू आपल्या शिक्क्यानं बाहेर काढता यावा, एवढ्यासाठी गावाला इतकी वर्षं झुंजावं लागलं. आणि ताडोब्याच्या कुशीत ‘स्थानिक साहित्याचा’ मांडव घालणारा डेकोरेटर बांबू नागपूरहून ट्रकनं आणतो. स्थानिक बांबू वाकडा असतो म्हणे. आणि हिरवा. फोटोत डाग दिसतात.

पुन्हा पत्रावळीकडे येऊ. ती कुठून येते?

फाल्गुनात पळस निष्पर्ण असतो, नुसती फुलं. चैत्र-वैशाखात पानं धरतात. ती तोडायची, वाळवायची, थप्पी बांधून दगडाखाली दाबायची, लावायच्या आधी पाणी मारून मऊ करायची, काड्या सोलून बारीक करायच्या आणि मग एकेक टाचत बसायचं. लग्न मे महिन्यातलं, म्हणून पत्रावळीची ऑर्डर एप्रिलच्या शेवटी. आणि नेमक्या याच दिवसांत पानातलं कळणाऱ्या बायका घरात नसतात. त्या तेंदूपत्त्याला गेलेल्या असतात. झुंजूमुंजू व्हायच्या आत रानात शिरायचं, ऊन डोक्यावर येईतो तोडायचं, दुपारी घरी बसून 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी संकलनाच्या फळीवर मोजून द्यायचे. वर्षातले हे जेमतेम पंधरा-वीस दिवस, आणि बऱ्याच घरांत वर्षाची रोकड याच दिवसांची. त्या बाईला प्लॅनरचा फोन येतो: “ताई, कडा जरा एकसारख्या हव्यात. आणि पानं सगळी एकाच शेडची.”

2025 च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्याच आठवड्यात, त्याच जिल्ह्यात, वाघाच्या पंज्याचा ठसा उमटवलेल्या हातकागदाच्या पत्रिका कुणी वाटल्या असतील तर त्याबद्दल इथं काही म्हणायचं नाही. वाटणाऱ्याला बातमी ठाऊक नसेल. पण एवढं म्हणायचं आहे की या रानात पान तोडणं हा छंद नाही. ‘रानाचा स्पर्श’, ‘जंगलाची ऊब’ असले शब्द पत्रिकेवर छापताना निदान मजुरीचा हिशेब तरी रोखीनं आणि वेळेवर व्हावा. होत नाही. एका पाहुण्याच्या ताटामागं लावलेल्या आकड्यात त्या ताटातल्या पत्रावळीचा वाटा किती, हे बिलावर शोधायला गेलं तर ती ओळच नसते. ती ‘संकीर्ण’मध्ये गेलेली असते, काडेपेटी आणि टाचण्यांबरोबर. ज्या एका वस्तूमुळं लग्नाला हातानं घडवलेलं म्हणायचं, तीच संकीर्ण!

आता खर्च कसा वाचला ते पाहू. माणसं तोडून. यादी साठावर आणली. “फक्त तुम्ही दोघं या” असं सख्ख्या काकाला कळवलं. काकांना चार पोरं. आणि वाचलेल्या पैशात बल्ब, ताग, पॉलिशचा बांबू, ड्रोनवाला आणि चिनीमातीच्या प्लेटा आल्या. हिशेब जुळला.

इथल्या झाडीपट्टीतलं जुनं लग्न स्वस्त पडायचं ते वस्तू स्वस्त होत्या म्हणून नाही. फुकटात हात होते म्हणून. मांडवाच्या दिवशी भावकीतली माणसं जांभळाच्या, आंब्याच्या डहाळ्या घेऊन येत, खड्डे खणत, मेढी पुरत. शेजारच्या बायका हळद कुटत, तांदूळ निवडत. आचारी असला तर एक. बाकी वाढपी म्हणजे गावची पोरं, बाह्या दुमडलेली, बादल्या घेऊन पळणारी. आणि हे काही प्रेमाखातर नव्हे. पक्का वहीखात्याचा व्यवहार होता, फक्त वही नव्हती. तू माझ्या मांडवात वाढलंस, मी तुझ्या मांडवात वाढीन. तुझ्या पोरीच्या लग्नाला आम्ही दहा पायल्या तांदूळ घातला, आमच्या वेळेस बघ. हे देणं वर्षानुवर्षं फिटत नसे आणि फिटू नये अशीच त्याची रचना होती. ज्याचं फिटलं तो गावातून उठला. त्यामुळं मोजक्या माणसांचं लग्न म्हणजे काय, हे गावाला कळतच नाही. ज्या हातांनी लग्न घडायचं तेच हात यादीतून कापले, तर हातानं घडलं म्हणायचं कशाला?

अर्थात गावानंही आता हात आखडते घेतले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. गोंडपिपरीपासून कुरखेड्यापर्यंत कुठंही जा, पळसाला पानं तीनच असली तरी लग्नाला बिछायत केंद्र लागतंच. गेट, गालिचे, राजाराणीच्या खुर्च्या, धुमाल पार्टी, तिच्यामागं डीजे, आणि चंदेरी कागदाच्या ताटल्यांत बफे. जमीन गहाण पडते ती या ताटल्यांपायी. गावातल्या बापाला विचारा, पत्रावळी का नाही लावल्या? तो म्हणतो, लोक काय म्हणतील, याच्याजवळ ताटाले पैसे नव्हते. जो रिसॉर्टात पत्रावळीसाठी जादा मोजतो आणि जो गावात पत्रावळ नको म्हणून जादा मोजतो, त्या दोघांच्या खिशातून पैसा काढणारा डेकोरेटर पुष्कळदा एकच असतो. त्याच्या गोदामात दोन्ही माल शेजारी शेजारी पडलेला असतो.

आणि बफे! प्रस्तुत लेखकाचं हे जुनं दुखणं आहे, वाचकांनी सोसून घ्यावं. पंगतीत माणूस जेवायला बसतो आणि अन्न त्याच्याकडे येतं. बफेत अन्न बसलेलं असतं आणि माणूस रांगेत. हातात ताट घेऊन पाण्यापर्यंत जायचं तर जिलेबी कुणाच्या शालूला लागते. पाणी घ्यायला तिसरा हात लागतो. “अजून थोडं घ्या” म्हणणारं कुणी नाही. उलट बुंदीच्या पातेल्यामागचा केटरिंगचा पोऱ्या दुसऱ्यांदा आलेल्या माणसाकडे पोलिसी नजरेनं पाहतो. ज्या समाजानं आग्रहाची कला शतकानुशतकं पाळली, ज्यात “नको नको” म्हणणाऱ्याच्या पानावर हात आडवा असताना हाताच्या फटीतून लाडू टाकणारे कलावंत होऊन गेले, त्यानं दोन दशकांत ताटं हातात घेऊन निमूट रांग धरावी? ब्रह्मपुरीकडे एके काळी नामांकित वाढपी असत. लग्नाची तारीख काढताना अमका मोकळा आहे का, हे आधी बघत. आज तो बिचारा स्वतःच रांगेत उभा असतो आणि पुढच्यानं भजी संपवली म्हणून चरफडतो.

सरकारला मात्र एकदा खऱ्या कमी खर्चाचं लग्न जमलं होतं. एप्रिल 2021 मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, महाराष्ट्रात आदेश निघाला: लग्नाला माणसं 25, वेळ दोन तास, हॉल एकच, मोडलं तर 50,000 रुपये दंड. त्या काळात लागलेली लग्नं टिकली नाहीत असं काही ऐकिवात नाही. पण बंदी उठताच त्यातल्या कित्येकांनी ‘राहिलेलं’ स्वागत उरकून घेतलं. काय राहिलं होतं? फोटो.

साधेपणाच्या शोधात एवढं रान तुडवायची गरजही नाही. 1954 चा विशेष विवाह कायदा आहे. अर्ज द्या, तीस दिवस थांबा, तीन साक्षीदार आणा, सह्या करा. शेतकरी-शेतमजुरांच्या मुलींसाठीच्या शुभमंगल योजनेत सामूहिक विवाहाबरोबर नोंदणी पद्धतीच्या लग्नालाही अनुदान आहे. त्याहून जुनं हवं असेल तर 1873 साली पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. भटजी नाही, बडेजाव नाही, वधूवरांनी एकमेकांना दिलेली वचनं. आणि ते लावणाऱ्यांनी त्यासाठी विरोध अंगावर घेतला. विदर्भात तर ग्रामगीता घरोघरी आहे, तिच्यात लग्नातल्या उधळपट्टीचे कान चांगलेच उपटले आहेत. लोक ती भक्तिभावानं आहेरात देतात, चंदेरी कागदात गुंडाळून, बफेच्या रांगेत उभं राहण्याआधी. नोंदणी कार्यालयाची अडचण एकच. तिथं भिंतीला पिचकाऱ्यांचे डाग असतात आणि साहेबांच्या टेबलावर पत्रावळ मांडता येत नाही.

या सगळ्या ‘मोजक्या माणसांच्या’ कौतुकात एक गोष्ट डोक्यात जाते. गडचिरोलीच्या दुर्गम भागात आजही अशी जोडपी आहेत, जी वर्षानुवर्षं एकत्र राहतात, शेती करतात, त्यांना पोरं होतात. पण गावाला जेवण देता आलं नाही म्हणून त्यांचं लग्न झालं असं गाव धरत नाही. मग कधीतरी सामूहिक विवाहाचा मांडव पडतो आणि त्यात आईच्या कडेवरचं पोर आईच्याच लग्नाच्या अक्षता तोंडात घालतं. त्या जोडप्यांचंही लग्न मोजक्या खर्चातलंच होतं की. किंबहुना बिनखर्चाचं. त्याला कुणी आटोपशीर म्हटलं नाही, त्याचं रील निघालं नाही, त्यांना कुणी विचारलं नाही की एवढं सुंदर साधेपण तुम्हाला सुचलं कसं. साधेपणा दिसायला हवा असेल तर आधी परवडणारं वैभव नाकारावं लागतं. ज्याच्याकडे नाकारायलाच काही नाही त्याचं साधेपण म्हणजे नुसती लाज, आणि ती त्यानं एकट्यानं सोसायची. या माणसाला गावजेवणाचे पैसे जमवायला अर्धं आयुष्य लागतं आणि तिकडे कुणी गावच यादीतून गाळून ‘बजेट सांभाळलं’ म्हणून मुलाखती देतं!

दारूचं राहिलं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात 2015 साली आली आणि 2021 साली गेली. त्यामुळं नवरदेवाच्या मित्रमंडळाचा पहिला आणि बहुधा एकमेव भौगोलिक प्रश्न असतो, रिसॉर्ट वैनगंगेच्या अलीकडे की पलीकडे. मातीशी नातं तिथूनच ठरतं.

ताजी खबर अशी की प्लेटच्या वादावर तोडगा निघाला आहे. येत्या हंगामापासून प्लॅनरबाई ‘पंगत अनुभव’ नावाची सोय देणार. पाहुण्यांना खाली बसवणार. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना चौरंग, त्याचं भाडं वेगळं. वाढायला धोतर-बंडीतली पोरं, हातात पितळी बादल्या. प्रत्येक पाहुण्याला दोनदा आग्रह मूळ दरात. तिसऱ्यांदा हवा असेल तर आधी कळवावं लागेल. पत्रावळ थेट जमिनीवर येणार, म्हणजे प्लेट गेली. मात्र हिरवळीवर वरण सांडू नये, अशी रिसॉर्टची अट असल्यामुळं पत्रावळीखाली पारदर्शक प्लास्टिकचा रोल अंथरणार.

याची रंगीत तालीम परवा एका लग्नात झाली. वाढायला आसपासच्या खेड्यांतली वीस पोरं रोजानं आणली होती. त्यात एक पोरगं नवरीचा चुलतभाऊच निघालं. साठांच्या यादीत त्याचं नाव बसलं नव्हतं. नवरीनं ओळखलं, फोटोग्राफरनं दोघांना एका चौकटीत घेतलं, प्लॅनरबाईंनी त्याला बंडीची बाही खाली करायला सांगितली. तो मागच्या बाजूला पाणी प्यायला आला तेव्हा कुणीतरी त्याला विचारलं, वाईट नाही वाटलं का? बादली खाली ठेवून तो म्हणाला, “कायचं वाईट? काकाच्या पोरीच्या लगनात वाढाचंच होतं. आता रोजी भेटली, जेवन भेटलं, आन् आहेरबी वाचला.”